आल्यागेल्याची वही

‘वृद्धाश्रम’ हा शब्द कानाला फार जुना वाटतो. त्यात ‘आश्रम’ आहे, आणि आश्रम म्हटले की वानप्रस्थ, नदीकाठ, पर्णकुटी असे काहीबाही डोळ्यांपुढे उभे राहते. पण ही संस्था काही वानप्रस्थातून आलेली नाही. तिचे मूळ शोधू गेले तर आपण पोहोचतो ते अनाथ, पंगू, भिकारी आणि निराधार म्हातारे यांना एका छपराखाली ठेवणाऱ्या आसऱ्यांपाशी. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात जे गृह उभे राहिले त्याचे नावच ‘अनाथ पंगुगृह’ होते. आज आपण त्याला ‘निवारा’ म्हणतो. कोलकात्यात १८८२ मध्ये ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या फ्रान्समधल्या संघाच्या धर्मभगिनींनी म्हाताऱ्यांसाठी घर उघडले, तेही गरिबांसाठीच. आपल्या शेजारच्या गोव्यात म्हापशाच्या जुन्या सरकारी इस्पितळाला लोक ‘आझिलो’ म्हणत आले. तो शब्द निराधारांचा आसरा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे.

हे मूळ ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जी जागा दानधर्मातून मिळाली, तिथे राहणाऱ्याने तक्रार कशी करावी? ‘धर्माच्या गाई आणि दात का गं नाही’ ही म्हण आपल्याकडे उगाच झालेली नाही. भात कच्चा आहे, पंखा बंद आहे, रात्री हाक मारली तर कोणी येत नाही, असे म्हणणारा म्हातारा कृतघ्न ठरतो. आज पुष्कळ वृद्धाश्रमांत महिन्याला चांगली रक्कम भरावी लागते, तरी कृतज्ञ राहण्याची ती जुनी सक्ती मात्र सुटलेली नाही.

मी आयुष्यभर सीमाभागातल्या एका शाळेत इतिहास शिकवला. माझी एक मावशी अखेरची साडेचार वर्षे अशा गृहात होती. तिच्यामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि सवयीप्रमाणे इतिहासाचाच प्रश्न विचारू लागलो: अशा घरांतली माणसे अधिक सुरक्षित झाली ती केव्हा, आणि कोणामुळे? वाचता वाचता एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. आतल्यांच्या दयेने क्वचितच काही बदलले. बहुतेक वेळा बाहेरचे कोणीतरी आत गेले, त्याने डोळ्यांनी पाहिले, पाहिलेले लिहून ठेवले, आणि मग बदल झाला. हा लेख त्या बाहेरच्या माणसाविषयी आहे.

आपल्याकडे अशा घरांचे जुने दप्तर सहजी हाती लागत नाही. इंग्लंड-अमेरिकेत ही घरे फार काळ सरकारी पैशावर चालली आणि मोठी दुर्घटना घडली की चौकशी होऊन अहवाल छापले गेले. म्हणून आधी तिकडे जाऊन मग आपल्या अंगणात येऊ.

* * *

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये येऊन राहा, असे त्याचे थोडक्यात म्हणणे होते. तिथले जगणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही कमी सुखाचे असावे, हे धोरण उघडपणे ठरवलेले होते. अंगावर संस्थेचा गणवेश, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पन्नास वर्षे संसार केलेल्या नवराबायकोचीही ताटातूट होई. साठीच्या पुढच्या जोडप्यांना तरी वेगळे राहण्याची सक्ती करू नये, अशी तरतूद व्हायला १८४७ साल उजाडावे लागले. धडधाकट माणसे अशा जागी टिकत नसत; ज्यांना दुसरीकडे जाताच येत नव्हते ते म्हातारे आणि आजारी मागे उरत. आळशांना धाक बसावा म्हणून बांधलेली इमारत अशा रीतीने म्हाताऱ्यांचे घर होऊन बसली.

१८४५ साली अँडोव्हर गावच्या वर्कहाऊसची बातमी फुटली. तिथे माणसांना खतासाठी हाडे कुटण्याचे काम दिले जाई. भुकेने व्याकूळ झालेली माणसे त्या कुजक्या हाडांना चिकटलेले मांस आणि आतला मगज चोखून खात होती. सरकारी पाहणी अधिकारी नेमण्याची पद्धत तेव्हाही होती. पण हे उजेडात आले ते स्थानिक मंडळातल्या एका सदस्याने गप्प बसायचे नाकारले म्हणून, थॉमस वॅकली यांनी पार्लमेंटात प्रश्न विचारला म्हणून आणि ‘टाइम्स’ने ते लावून धरले म्हणून. वॅकली स्वतः डॉक्टर होते, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक. चौकशीअंती वरचे आयोगच मोडीत निघाले आणि १८४७ मध्ये नवे मंडळ आले.

पुढचे नाव आहे लुइझा ट्वायनिंग यांचे. चहाच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या सुखवस्तू घराण्यातली ही बाई. १८५३ मध्ये ओळखीच्या एका म्हातारीला भेटायला ती लंडनच्या स्ट्रँड वर्कहाऊसमध्ये गेली आणि तिथले दृश्य पाहून अस्वस्थ झाली. तिने सरकारकडे मागितले ते फार साधे होते. पैसा नको, अधिकार नकोत. आम्हा बायकांना नेमाने आत जाऊन म्हाताऱ्यांशी बोलू द्या. ही परवानगी सहजी मिळाली नाही. बाहेरच्यांच्या येण्याने शिस्त बिघडते, ही सबब तेव्हापासूनची आहे. तिने चिकाटी सोडली नाही आणि १८५८ मध्ये वर्कहाऊसला भेटी देणाऱ्यांची संस्थाच स्थापन केली. या भेटींनी काय साधले? आत कोणी येणार आहे, हे आतल्यांना कळले.

तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा कोण करीत होते? तिथेच राहणाऱ्या, कशाबशा चालू शकणाऱ्या दुसऱ्या म्हाताऱ्या. त्यांतल्या अनेकींना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही वाचता येत नसे. १८६४ च्या अखेरीस हॉलबर्न वर्कहाऊसमध्ये टिमथी डेली नावाचा मजूर शय्याव्रणांनी जर्जर होऊन मेला. घरात आपण ज्याला ‘अंथरुणाच्या जखमा’ किंवा सरळ ‘बेडसोअर’ म्हणतो, त्याच या जखमा. वर्तमानपत्रांत गवगवा झाला. १८६५ मध्ये ‘लॅन्सेट’ने स्वतःच डॉक्टरांची समिती नेमून लंडनच्या वर्कहाऊसमधल्या आजारी विभागांची पाहणी सुरू केली आणि अहवाल छापले. त्याच साली लिव्हरपूलमध्ये ॲग्नेस जोन्स या शिकलेल्या परिचारिकेने आपल्या सहकारी परिचारिकांसह वर्कहाऊसच्या इस्पितळाचा ताबा घेतला. तीन वर्षांनी टायफसच्या तापाने ती गेली. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा होऊन आजाऱ्यांसाठी वेगळी इस्पितळे उभी राहू लागली.

शय्याव्रणाची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे, पोटात पुरेसे अन्न जावे, टाच, माकडहाड, खुबा रोज पाहावा, एवढे केले तर बहुतेक जखमा होत नाहीत. याला मोठे यंत्र लागत नाही. लागतात ते हात, वेळ आणि रोज पाहणारे डोळे. म्हणून एखाद्या घराची खरी परीक्षा त्याच्या देवघरात किंवा बागेत होत नाही. ती म्हाताऱ्याच्या टाचेवर होते.

* * *

दुसऱ्या महायुद्धानंतर, जुलै १९४८ पासून, इंग्लंडमध्ये गरिबांचा जुना कायदा कागदोपत्री संपला. मंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या मनात चित्र होते ते छोटेखानी हॉटेलचे: मालक आणि आश्रित हे नाते जाऊन व्यवस्थापक आणि पाहुणा असे नाते यावे. चित्र सुरेख होते. इमारती मात्र त्याच होत्या.

दहाएक वर्षांनी पीटर टाउनसेंड हा तिशीतला समाजशास्त्रज्ञ ते हॉटेल पाहायला निघाला. त्याने इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या: ३९ जुनी वर्कहाऊसे, नगरपालिका-जिल्ह्यांची ५३ इतर गृहे, धर्मादाय ३९ आणि खासगी ४२. एका ठिकाणी तो काही दिवस म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारा मदतनीस म्हणूनही राबला. ‘द लास्ट रेफ्यूज’ हे त्याचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. सरकारी पाट्या बदलल्या, पण लांबच लांब खोल्यांत ओळीने मांडलेल्या खाटा, स्वतःचे म्हणावे असे एखादे कपाटही नाही, आणि दिवसभर भिंतीशी खुर्ची लावून बसून राहणे, हे बदललेले नव्हते.

टाउनसेंडचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याने लावलेले माप. एखादे घर चांगले की वाईट हे ठरवताना त्याने इमारत आणि सोयी पाहिल्या, नोकरमाणसे पाहिली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. राहणाऱ्याला दिवसभर करायला काही आहे का, उठण्या-झोपण्याचे, बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य आहे का, आणि माणसांचा सहवास आहे का, यांचेही त्याने गुण धरले. संगमरवरी फरशीला गुण मिळतात तसे ‘आज चहा उशिरा घेईन’ म्हणता येण्यालाही मिळावेत, हा त्या मापाचा अर्थ. बहुतेकांना अशा घराची गरजच नाही, त्यांच्या राहत्या घरी मदत पोचवा, असा त्याचा निष्कर्ष होता.

* * *

अमेरिकेची वाट थोडी वेगळी. तिथे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हाताऱ्यांना रोख मदत सुरू झाली, पण सरकारी दरिद्रीगृहात राहणाऱ्याला ती मिळणार नव्हती. हेतू चांगला होता, ती गृहे बंद पडावीत. परिणाम असा झाला की रोख रक्कम हाती असलेल्या म्हाताऱ्यांसाठी खासगी घरे निघाली. जुनी घरे, जुने कारखाने, मिळेल त्या इमारतीत खाटा पडल्या.

ओहायो राज्यात फिचव्हिल गावाजवळ असेच एक गृह होते. २३ नोव्हेंबर १९६३ च्या पहाटे तिथे आग लागली. ८४ राहणाऱ्यांपैकी ६३ जण मेले. अनेक जण अंथरुणाला खिळलेले होते, काहींना बांधून ठेवलेले होते. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला होता, त्यामुळे जगाने ही बातमी धड वाचलीही नाही.

बांधून ठेवणे. हा शब्द आपण जरा थांबून ऐकावा. म्हातारा पडेल, भरकटेल, नळी ओढून काढील म्हणून त्याला पट्ट्याने खाटेला किंवा खुर्चीला बांधणे ही सुरक्षितता समजली जात होती. आपल्याकडे तमिळनाडूत एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसे पळू शकली नाहीत. ते म्हाताऱ्यांचे घर नव्हते, पण बांधण्यामागचा विचार तोच होता. बांधलेला माणूस आगीत मरतो. आणि आग लागली नाही तरी त्याचे पाय झिजतात, जखमा होतात, सुटायच्या धडपडीत गळफासही बसतो.

अमेरिकेत १९६५ नंतर या घरांकडे सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला आणि सत्तरच्या दशकात घोटाळे एकामागून एक बाहेर पडले. १९८६ मध्ये तिथल्या वैद्यक संस्थेने, इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, शुश्रूषागृहांच्या दर्जावर अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरात कायदा झाला. प्रत्येक राहणाऱ्याची तपासणी करून त्याच्यापुरती लेखी योजना हवी. शिस्तीसाठी किंवा नोकरांच्या सोयीसाठी कोणाला बांधू नये. आणि जास्तीत जास्त पंधरा महिन्यांत एकदा तरी तपासनिसाने न कळवता यावे. यातले एक कलम मला फार आवडते. तपासणीची तारीख आधी फोडणाऱ्यालाच दोन हजार डॉलरपर्यंत दंड! शाळा-तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना आणि पोरांना नवे गणवेश, हा प्रकार ज्याने तीस वर्षे पाहिला आहे, त्याला या कलमाची किंमत कळते.

ऐंशीच्या दशकाअखेर तिथे दर शंभरांतले चाळीसच्या आसपास म्हातारे बांधलेले असत. वीस वर्षांत ते प्रमाण पाचावर आले. मात्र पट्टे गेले तिथे काही ठिकाणी गुंगीच्या गोळ्या आल्या. म्हातारा शांत बसला आहे की शांत बसवला आहे, हा प्रश्न कोणत्याही कायद्याने पुरता सुटलेला नाही.

आणि कायदे असूनही आगी लागल्या. स्कॉटलंडमधल्या रोझपार्क गृहात ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे लागलेल्या आगीत १४ वृद्ध गेले. एका कपाटात विजेच्या तारांतून ठिणगी पडली, त्याच कपाटात भडकणाऱ्या वस्तू होत्या. निजायच्या खोल्यांची दारे उघडी होती, त्यांतून धूर आत शिरला. घंटा वाजल्यावर आग कुठे आहे ते शोधण्यात मोलाची मिनिटे गेली आणि अग्निशामक दलाला वर्दी उशिरा पोचली. चौकशीच्या अहवालात असुरी असे काही नाही, सगळे साधेच आहे: कपाट, दार, फोन, रात्रीची सवय. दिल्लीच्या ग्रेटर कैलास भागातल्या वृद्धांच्या एका गृहातही १ जानेवारी २०२३ च्या पहाटे आग लागून दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. या आगी पहाटेच्या आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दिवसा पाहिलेले घर रात्री वेगळे असते.

माझ्या या सिद्धान्ताला धक्का देणारी एक घटनाही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा बाहेरच्या माणसाबरोबर रोगही आत येत होता. १३ मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने शुश्रूषागृहांना भेटी बंद करायला सांगितले. इतर देशांनीही दारे लावली. ते टाळता येण्यासारखे नव्हते. पण दार बंद झाल्यावर आत काय झाले, ते कॅनडात कळले. ओंटारिओ प्रांतातल्या पाच गृहांत माणसे कमी पडली म्हणून सैन्याचे जवान मदतीला पाठवले. त्यांनी जे पाहिले ते आपल्या वरिष्ठांना लिहून कळवले आणि मे २०२० मध्ये तो अहवाल जाहीर झाला. त्यात झुरळे होती, आठवडे-आठवडे आंघोळ न मिळालेली माणसे होती, मदतीसाठी ओरडूनही कोणी न आलेली माणसे होती. ट्वायनिंगबाईंच्या जागी या वेळी गणवेशातले सैनिक होते, एवढाच फरक.

* * *

आता आपल्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक भरली. १९९९ मध्ये वृद्धांविषयी राष्ट्रीय धोरण आले. २००७ मध्ये आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांकडून पोटगी कशी मिळवायची हे आपल्याला त्यातून ठाऊक असते. पण त्याचे १९ वे कलम फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निर्धन वृद्धांसाठी निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, आणि तिथला दर्जा व सेवा कशा असाव्यात हे ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. म्हटले आहे ते ‘काढावा’ असे नसून ‘काढू शकेल’ असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्रियापदांकडे नीट पाहावे.

खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा हे सर्व देशभर लागू करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा विधेयकही संपले. काही राज्यांनी आपापले नियम केले आहेत. तरीही तुलना करून पाहा: निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी केलीच पाहिजे, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. मुलाला बोलता येत नाही म्हणून कायदा त्याच्या वतीने बोलतो. अंथरुणाला खिळलेल्या, भान हरपलेल्या म्हातारीला तरी कुठे बोलता येते?

* * *

इथे आपल्या भागाची एक खास अडचण सांगतो, जी इंग्रजी अहवालांत मला सापडली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, इकडे इंदूर-बडोदे, हैदराबाद, सगळीकडे आपली घरे दोन भाषांत नांदतात. बाजारात एक, चुलीपाशी दुसरी. माणूस धडधाकट असतो तोवर हे वैभव असते. पण स्मृतिभ्रंश झाला की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी गळून पडते आणि आईची भाषा तेवढी उरते.

माझी मावशी बाजारापुरते कानडी सफाईने बोले. शेवटच्या वर्षांत ते सगळे गेले. गृहातल्या आया आसपासच्या खेड्यांतल्या, मनाने चांगल्या, पण कानडी बोलणाऱ्या. मावशी म्हणे, ‘पोटात कालवतंय गं,’ ‘भोवंडल्यासारखं होतंय,’ ‘टाच ठणकतेय.’ त्यांना यातले ‘टाच’ही कळत नसे. आपल्या बोलीत दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आग वेगळी. आणि प्रत्येकाचे औषधही वेगळे. ‘आज्जी सारख्या कुरकुरतात’ एवढेच रोजच्या वहीत लिहिले जाई. मग टाचेची जखम दिसली ती दुसऱ्या रविवारी मी पायमोजा काढला तेव्हा. भेटीची वेळ महिन्यातला दुसरा रविवार, चार ते पाच, अशी नेमलेली होती.

मी व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की वारंवार भेटींनी वृद्ध अस्वस्थ होतात आणि शिस्त बिघडते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे वाक्य, जसेच्या तसे! मी लेखी अर्ज दिला, तीन पत्रे लिहिली, दुसऱ्या दोन रहिवाशांच्या नातेवाइकांना बरोबर घेतले. दोन महिन्यांनी भेटीची वेळ रोजची झाली.

खरा उपाय मात्र एका तरुण आयाने काढला. तिने एका पुठ्ठ्यावर बारा मराठी शब्द कानडी अक्षरांत लिहून घेतले, समोर कानडी अर्थ: दुखतंय म्हणजे नोवु, पाणी म्हणजे नीरु, आणि तसेच पुढे. तो पुठ्ठा खाटेच्या उशाशी टांगला. मावशीला ती ‘अव्वा’ म्हणे. मावशी तिला ‘पोरी’. टाचेची जखम सात आठवड्यांत भरली. त्यानंतर दीड वर्षाने मावशी गेली, ती जखमेने नव्हे, वयाने.

हा पुठ्ठा मला ‘लॅन्सेट’च्या अहवालाइतकाच मोठा वाटतो. आपल्या भागातल्या कोणत्याही वृद्धाश्रमाची पाहणी करताना पहिला प्रश्न हा असावा: रात्रपाळीला असलेल्या माणसाला या म्हाताऱ्याची भाषा कळते का? मराठी घरात कानडी म्हातारी असेल, कानडी गृहात मराठी असेल. भाषेच्या वादात कोण कुठे उभा आहे याच्याशी या प्रश्नाचा काही संबंध नाही. दुखणे सांगता येणे ही औषधाची पहिली मात्रा आहे.

* * *

कायदा येईल तेव्हा येवो. तोवर ज्यांना आपले माणूस अशा घरात ठेवायचे आहे, किंवा उद्या स्वतःच जायचे आहे, त्यांनी काय पाहावे हे या इतिहासातून निघते. रात्री किती माणसे जागी असतात, किती म्हाताऱ्यांमागे, हे विचारावे. दारांना बाहेरून कड्या आहेत का, गजांच्या खिडक्या उघडतात का, जिन्याखाली गाद्या-रॉकेल-जुने कपडे रचलेत का, हे पाहावे. कोणाला बांधले आहे का, आणि दुपारी अकरा वाजता सगळेच झोपलेले कसे, हे निःसंकोच विचारावे. पडल्याची, जखमेची, औषधाची वही मागावी; वही नसेल तर तेही उत्तरच आहे. आणि राहणाऱ्याशी एकट्याशी, त्याच्या भाषेत, दहा मिनिटे बोलावे.

ज्यांचे कोणी तिथे नाही त्यांच्यासाठीही काम आहे. दर दिवाळीला आपली मंडळे, महिला समाज, शाळा फराळाच्या पिशव्या घेऊन वृद्धाश्रमात जातात. पणत्या लागतात, फोटो निघतो, म्हाताऱ्यांच्या हातात चकल्या-लाडू पडतात, त्यातल्या अर्ध्यांना दात नसतात. वाईट काही नाही त्यात. पण त्या दिवशी ते घर आधीच झाडून-पुसून, नवी चादर घालून बसलेले असते, कारण तारीख कळवलेली असते. तुळशीचे लग्न होऊन जाऊ द्या. मग एखाद्या मंगळवारी, न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. दारातल्या आल्यागेल्याच्या वहीत नाव, तारीख आणि वेळ लिहा, आणि आपल्या आधीचे नाव कोणत्या तारखेचे आहे ते वाचून पाहा.